जोसेफ फूरिये: उष्णतेची वाट मोजणारा माणूस, आणि विजेवर आकार बदलणारं प्लास्टिक

एक खास प्रकारचं प्लास्टिक असतं. ते गरम करून वाकवायचं आणि तसंच धरून थंड करायचं. हात सोडला तरी ते वाकलेलंच राहतं. नंतर पुन्हा गरम केलं की आपोआप मूळ आकारात येतं. याला शेप मेमरी पॉलिमर म्हणतात, म्हणजे आकार लक्षात ठेवणारं प्लास्टिक.

त्यात कार्बनचे तंतू किंवा बारीक कण मिसळले की ते विजेवरही चालतं. बटण दाबलं की करंट वाहतो, प्लास्टिक आतून तापतं आणि जुना आकार परत येतो. मोटर नको, गिअर नको, बिजागरीत स्प्रिंगही नको. ऐकायला मस्त वाटतं, पण एक अडचण आहे. उष्णता तयार होते कार्बनमध्ये आणि ती हवी असते प्लास्टिकमध्ये. मधल्या वाटेत ती अडकते. मग कार्बनजवळचा भाग करपतो आणि थोडं लांबचा भाग थंडच राहतो.

उष्णतेची ही वाट कशी मोजायची, हे जगाला शिकवणारा माणूस १८३० साली गेला. त्याच्या हयातीत प्लास्टिक नव्हतं आणि विजेचे दिवेही नव्हते. तरी या प्लास्टिकवर काम करणारा प्रत्येक इंजिनिअर आजही त्याचंच समीकरण वापरतो. त्याचं नाव जोसेफ फूरिये.

शिंप्याचा मुलगा

फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर या गावी झाला. वडील शिंपी होते. दहाच्या आसपास वय असतानाच आई आणि वडील दोघंही गेले. अनाथ मुलगा हुशार आहे हे गावातल्या लोकांनी ओळखलं आणि त्याला तिथल्या लष्करी शाळेत घातलं. ही शाळा ख्रिस्ती साधू चालवायचे. रात्री अभ्यास करता यावा म्हणून हा मुलगा मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून ठेवायचा, असं सांगतात.

त्याला तोफखान्यात जायचं होतं. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये अशा जागा बड्या घराण्यांतल्या मुलांसाठी असायच्या. शिंप्याच्या मुलाला दार बंद होतं. मग तो साधू व्हायला मठात गेला. तेवढ्यात १७८९ ची राज्यक्रांती झाली. दीक्षा न घेताच तो ओसेरला परतला आणि जुन्या शाळेत शिकवू लागला.

क्रांतीच्या राजकारणातही तो उतरला, आणि १७९४ मध्ये त्याला अटक झाली. त्या दिवसांत अटक झाली की गिलोटिनची टांगती तलवार असायची. पण रोब्सपिएरची सत्ता कोसळली आणि फूरिये सुटले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये शिक्षक घडवण्यासाठी नवी संस्था निघाली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते. शिकवायला लाग्रांज, लाप्लास आणि माँज होते, म्हणजे त्या काळातले सगळ्यात मोठे गणिती. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

इजिप्त आणि मग ग्रनोबल

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने सैन्यासोबत शास्त्रज्ञही नेले. त्यात फूरिये होते. कैरोमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ते सचिव झाले. १८०१ मध्ये परत आल्यावर त्यांना पॅरिसमध्ये शिकवायचं होतं, पण नेपोलियनने त्यांना ईझेर जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी म्हणून ग्रनोबलला पाठवलं. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखंच हे पद समजा.

काम भरपूर होतं. बूर्ग्वँ भागातली मोठी दलदल त्यांनी निचरा करून कोरडी केली. ग्रनोबलहून तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम पुढे नेलं. इजिप्तवरच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावनाही लिहिली. ग्रनोबलमध्येच शांपोलियों या तरुणाशी त्यांची ओळख झाली. त्याच तरुणाने पुढे १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली.

हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात फूरिये एका प्रश्नावर काम करत होते: घन वस्तूत उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेमकी कशी जाते?

लोखंडी कडं आणि तीन आकडे

उष्णता मुळात काय आहे यावर तेव्हा जोरात वाद चालू होता. काहींना ती अदृश्य द्रव वाटायची, काहींना कणांची हालचाल. फूरिये यांनी हा वाद बाजूला ठेवला. उष्णता काहीही असो, ती किती आणि किती वेगाने सरकते हे मोजता येतं ना? मग तेवढंच मोजू, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांनी लोखंडाचं कडं घेतलं, त्यात ठिकठिकाणी थर्मामीटर बसवले, कड्याचा एक भाग तापवला आणि तापमान कसं पसरतं ते पाहिलं. प्रयोग आणि गणित यांतून जो नियम हाती लागला तो सोपा आहे. दोन जागांच्या तापमानात फरक जितका जास्त, तितकी उष्णता वेगाने वाहते. मधलं अंतर जितकं जास्त, तितकी ती हळू वाहते. आणि पदार्थानुसार एक आकडा असतो, जो सांगतो की हा पदार्थ उष्णतेला किती सहज वाट देतो.

फूरिये यांनी प्रत्येक वस्तूसाठी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली, वस्तू तापायला किती उष्णता लागते. दुसरी, तिच्या आत उष्णता किती सहज सरकते. तिसरी, पृष्ठभागावरून ती बाहेर किती निसटते. आज हे उघड वाटतं, पण तोवर या तिन्ही गोष्टींची सरमिसळ व्हायची.

स्वयंपाकघरात बघा. तांब्याचा तळ असलेल्या स्टीलच्या भांड्यात भाजी एका जागी लागत नाही, कारण तांबं उष्णता चटकन सगळीकडे पसरवतं. नुसत्या पातळ स्टीलच्या भांड्यात बरोबर ज्योतीच्या वर करपतं. गॅस तोच, भाजी तीच. फरक फक्त दुसऱ्या आकड्याचा.

गुरूंनीच अडवलं

२१ डिसेंबर १८०७ रोजी फूरिये यांचा शोधनिबंध पॅरिसच्या विज्ञानसंस्थेत वाचला गेला. तपासायला चार जण नेमले: लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा. चारपैकी तिघं त्यांचेच गुरू. निबंध छापला गेला नाही.

अडचण उष्णतेच्या नियमापेक्षा त्यातल्या गणिताची होती. समीकरण सोडवण्यासाठी फूरिये यांनी वेगळीच कल्पना लढवली होती. कड्यावरचं तापमान कसंही वेडंवाकडं असलं, तरी ते साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठी लाट, तिच्यावर छोटी, तिच्यावर आणखी छोटी. प्रत्येक लाट उष्णतेच्या नियमाप्रमाणे आपापल्या वेगाने विरते. छोट्या लाटा पटकन, मोठ्या हळूहळू. शेवटी सगळ्या पुन्हा एकत्र केल्या की उत्तर तयार.

लाग्रांज यांना हे पटेना. टोकदार कोपरे असलेला आलेख गुळगुळीत लाटांतून कसा बनेल? आक्षेप पोकळ नव्हता. फूरिये यांच्याकडे पक्की सिद्धता नव्हतीच. त्यांच्याकडे होती ती प्रयोगाशी जुळणारी उत्तरं.

संस्थेने मग उष्णतेच्या वहनावरच बक्षीस जाहीर केलं. फूरिये यांनी १८११ मध्ये सुधारलेला निबंध पाठवला. १८१२ च्या सुरुवातीला त्यांना बक्षीस मिळालं, पण सोबत शेराही आला: पद्धतीत नेमकेपणा आणि व्यापकपणा कमी आहे. निबंध तरीही छापला नाही. विचार करा, बक्षीस देतात आणि छापत मात्र नाहीत.

यात राजकारणाची भर पडली. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि थेट ग्रनोबलच्या वाटेने आला. राजाच्या नोकरीत असलेले फूरिये शहर सोडून निघाले. नेपोलियन आधी चिडला, मग त्याने त्यांनाच ऱ्होन जिल्ह्याचं पद दिलं. ते पदही फार टिकलं नाही. वॉटर्लूनंतर फूरिये पॅरिसमध्ये आले तेव्हा हातात काही नव्हतं. एका जुन्या ओळखीमुळे सांख्यिकी कार्यालयात नोकरी मिळाली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना निवडलं तर राजाने मंजुरी नाकारली. पुढच्या वर्षी पुन्हा निवड झाली, तेव्हा कुठे ते आत आले.

शेवटी १८२२ मध्ये त्यांचा उष्णतेवरचा ग्रंथ छापून बाहेर आला. पहिला निबंध वाचला त्याला तोवर जवळजवळ १५ वर्षं झाली होती. त्याच वर्षी ते अकादमीचे कायम सचिव झाले. लाटांच्या बेरजेची पक्की गणिती बैठक १८२९ मध्ये डिरिखले या तरुण जर्मन गणितज्ञाने दिली. आज तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो आणि एमपीथ्री गाणं याच लाटांच्या कल्पनेच्या पुढच्या रूपांवर चालतं.

१८२४ मध्ये त्यांनी आणखी एक प्रश्न घेतला: पृथ्वीचं तापमान कशाने ठरतं? सूर्याचा प्रकाश वातावरणातून सहज आत येतो, पण जमिनीची उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही, हे त्यांनी मांडलं. आज ज्याला आपण हरितगृह परिणाम म्हणतो, त्या विचाराची सुरुवात इथे झाली.

इजिप्तहून आल्यापासून त्यांना थंडी सोसायची नाही. उन्हाळ्यातही ते जाड कपडे घालायचे आणि खोल्या तापवून ठेवायचे, असं सांगतात. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

आता त्या प्लास्टिककडे

फूरिये गेल्यावर साधारण दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी दाखवलं की तारेतून करंट वाहिला की किती उष्णता तयार होते. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट. आपलं प्लास्टिक तापतं ते या नियमाने. म्हणजे उष्णता किती तयार होईल हे जूल सांगतात, आणि ती कुठे, किती वेळात पोचेल हे फूरिये सांगतात. अडचण नेहमी दुसऱ्या भागात येते.

आकडे बघू. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं साधारण ४०० आहे. इपॉक्सीसारखं प्लास्टिक फक्त ०.२ च्या आसपास. म्हणजे सुमारे २,००० पट कमी. कढईच्या दांड्याला प्लास्टिक लावतात ते याचमुळे. हात वाचवायला हा गुण चांगला, पण आतून पटकन तापायचं असेल तर तोच गुण आडवा येतो.

फूरिये यांच्या समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते. उष्णता पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. अशा प्लास्टिकमध्ये १ मिलिमीटर अंतर पार करायला ढोबळमानाने ७ ते १० सेकंद लागतात. १० मिलिमीटरला त्याच्या १०० पट, म्हणजे १० मिनिटांहून जास्त. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतराला? सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी.

मग व्होल्टेज वाढवलं तर? उष्णता जास्त तयार होईल, पण वाट तीच अरुंद. कार्बनला चिकटलेलं प्लास्टिक खराब होईल आणि लांबचं अजून कडकच असेल. अर्धा तुकडा मऊ आणि अर्धा कडक असेल तर तो वेडावाकडा उघडतो, किंवा अर्ध्यातच थांबतो. म्हणून खरा उपाय उष्णतेची वाट सुधारण्यात आहे. संशोधक हे मुख्यतः चार प्रकारे करतात.

पहिला, अंतर कमी करणं. एकाच जाड हीटरऐवजी कार्बनच्या नॅनोनळ्या, तंतू किंवा कण सगळीकडे नीट पसरवायचे. मग प्लास्टिकचा कुठलाही भाग उष्णतेच्या उगमापासून फार लांब राहत नाही. वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो. पण कण एकाच जागी गोळा झाले तर फायदा गेला, त्यामुळे मिसळण्याची पद्धत फार महत्त्वाची.

दुसरा, उष्णतेसाठी वेगळा रस्ता बनवणं. यासाठी बोरॉन नायट्राइडची पावडर वापरतात. हा पदार्थ मजेशीर आहे: उष्णता छान वाहून नेतो, वीज मात्र नेत नाही. त्यामुळे करंट कार्बनमधूनच जातो, त्याचा रस्ता बदलत नाही, आणि तयार झालेली उष्णता बोरॉन नायट्राइडच्या कणांवरून आजूबाजूला पसरते.

तिसरा, सांधा पक्का करणं. कार्बन आणि प्लास्टिक जिथे भेटतात त्या सीमेवर उष्णता अडखळते. दोन पदार्थांच्या सीमेवर तापमानात अशी एकदम उडी पडते, हे १९४१ मध्ये पीटर कापित्सा यांनी द्रव हीलियम आणि घन पदार्थ यांच्या बाबतीत मोजलं होतं. नॅनो कणांमुळे अशा सीमांची संख्या प्रचंड वाढते. म्हणून कार्बनच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करून प्लास्टिक त्याला घट्ट धरेल असं करतात.

चौथा, गळती थांबवणं. फूरिये यांचा तिसरा आकडा आठवतोय ना? पृष्ठभागावरून उष्णता निसटत राहिली तर कडा कधीच पुरेशा तापत नाहीत. वस्तू कुठे वापरायची आहे यावर हा हिशोब बदलतो. अंतराळात हवा नसते, त्यामुळे वाऱ्याने थंड होण्याचा प्रश्न नाही, पण पृष्ठभागावरून किरणांच्या रूपात उष्णता जातच राहते. २०२० मध्ये चीनच्या शिजियान-२० उपग्रहावर अशाच प्रकारच्या कंपोझिटच्या आधाराने गुंडाळलेलं सौर पॅनेल कक्षेत उघडून दाखवलं गेलं. तिथे दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. सगळे भाग नीट तापले तरच पॅनेल सरळ उघडणार, नाहीतर वीजच नाही.

फुकट काहीच मिळत नाही

मग भरपूर कार्बन आणि भरपूर बोरॉन नायट्राइड घालून टाकायचं का? नाही. कण वाढवले की तापण्याआधीचं मिश्रण इतकं घट्ट होतं की साच्यात नीट ओतता येत नाही, हवेचे बुडबुडे अडकतात. आणि हवा तर उष्णता प्लास्टिकपेक्षाही कमी वाहते, म्हणजे केलं त्याच्या उलट झालं. शिवाय आकार लक्षात ठेवण्याचं काम प्लास्टिकच्या साखळ्या करतात. कण जास्त झाले तर वस्तू ठिसूळ होते, कमी वाकते आणि पूर्ण परत येत नाही. उष्णतेची वाट सुधारता सुधारता स्मरणशक्तीच जायची.

त्यामुळे थोडक्या पदार्थात सगळ्यात चांगली वाट कशी बनेल, हा खरा प्रश्न आहे. कण कोणत्या दिशेने लावायचे, किती पातळ थर द्यायचा, करंट एकदम सोडायचा की थांबून थांबून, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून बघतात. आणि त्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात तेच समीकरण असतं, जे ग्रनोबलच्या एका अधिकाऱ्याने लोखंडी कड्यावर तपासून पाहिलं होतं.

ओसेरमध्ये १८४९ मध्ये फूरिये यांचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात तो शस्त्रांच्या धातूसाठी वितळवला गेला. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत मात्र त्यांचं नाव अजून आहे. आणि गुरूंनी १८०७ मध्ये अडवून ठेवलेलं गणित आज तुमच्या खिशातल्या फोनपासून उपग्रहापर्यंत सगळीकडे रोज वापरलं जातं.